हार्ड डिस्क लावली की टीव्ही बॉक्सचं वायफाय अन् रिमोट अटकतो: माझा अनुभव

नागपूरचा मे महिना, दुपारभर पोट्टे कूलरसमोर टीव्ही लावून बसतात. अँड्रॉइड बॉक्सच्या निळ्या (यूएसबी ३.०) पोर्टात घरच्या व्हिडिओंची हार्ड डिस्क लावली की वायफाय अटकायचं अन् ब्लूटूथ रिमोटचं बटण तीन-तीनदा दाबावं लागायचं, डिस्क काढली की सगळं बरोबर. राउटर रिस्टार्ट केला, बॉक्स रिसेट मारला, रिमोटचे सेल बदलले, कूलर बंद करून पाह्यला, काहीच नाही. आठ दिवस नुसतं डोकं फिरून राह्यलं होतं.

कारण हे, की यूएसबी ३.० च्या पोर्ट-केबलमधून २.४ गीगाहर्ट्झच्या आसपास रेडिओ नॉइज निघतो अन् ब्लूटूथ, साधं वायफाय तिथंच चालतं.

आधी सेटिंग्जमधून डिस्क इजेक्ट केली, बॉक्स बंद केला, मग एक मीटरची यूएसबी २.० एक्स्टेन्शन केबल काळ्या (यूएसबी २.०) पोर्टात लावून डिस्क बॉक्सपासून लांब, खालच्या कप्प्यात ठेवली. बॉक्स चालू करून २.४ चं नेटवर्क फरगेट केलं अन् ५ गीगाहर्ट्झचं जोडलं. नुसतं ५ वर जाऊन भागत नाही, रिमोट २.४ वरच राहतो.

एक लक्षात ठेवा, २.० पोर्ट साधारण ५०० मिलिअँपिअरच करंट देतो, तो कमी पडून डिस्क टकटक वाजली तर अडॅप्टरवाला (स्वतःची वीज घेणारा) यूएसबी हब घ्या. व्हिडिओ २.० वर आरामात चालतात.