ट्रॅक डेच्या आधी ऑइलचा काटा खरा करून घेताना

ट्रॅक डेची, म्हणजे रेसच्या ट्रॅकवर आपली गाडी पळवायच्या दिवसाची, तारीख ठरली की टायर, ब्रेक पॅड, हेल्मेट यांची जमवाजमव आपोआप सुरू होते. ऑइलच्या तापमानाची आठवण मात्र अनेकांना पहिलं सेशन संपल्यावर होते. पुण्याहून कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेला टर्बो गाडी न्यायची असेल, तर मी दोन आठवडे आधीपासून या एका गोष्टीच्या मागे लागतो.

सगळ्यात आधी आपल्या गाडीत ऑइलचा सेन्सर खरंच आहे का ते बघायचं. डॅशबोर्डवरचा काटा कुलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा असतो, आणि बऱ्याच गाड्यांत तो मुद्दाम मधोमध धरून ठेवलेला असतो. कुलंट बराच वरखाली झाला तरी तो हलत नाही. फोक्सवॅगन-स्कोडाच्या अनेक गाड्यांत चेंबरमधल्या (इंजिनच्या तळाशी ऑइल साठतं त्या भांड्यातल्या) सेन्सरवरून स्क्रीनवर ऑइलचा आकडा येतो. 50 अंशांखाली नुसत्या रेघा दिसतात. काही गाड्यांत मात्र सेन्सरच नसतो आणि ईसीयू (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) कुलंट, आरपीएम, लोड यांवरून अंदाज बांधतो. गाडीच्या ओबीडी सॉकेटमधून माहिती वाचणारं फोनवरचं ॲप तोच अंदाज आकडा म्हणून दाखवतं. म्हणून वायरिंग डायग्राम बघितल्याशिवाय त्यावर विसंबू नका.

वेगळा गेज लावायचा तर ऑइल फिल्टर आणि इंजिन ब्लॉकच्या मध्ये बसणारी, सेन्सरसाठी भोक असलेली सँडविच प्लेट मला पटते. ऑइल कूलर असेल तर आपण त्याच्या आधी मोजतोय की नंतर, हे वहीत लिहून ठेवा, नाहीतर दुसऱ्याच्या आकड्याशी तुलना करण्यात अर्थ नाही. ड्रेन बोल्टच्या जागी बसणारा सेंडर (गेजला आकडा पाठवणारा सेन्सर) स्वस्त आणि सोपा असतो, पण आपल्या स्पीड ब्रेकरवर तो खाली लोंबकळत ठेवायची माझी तयारी नाही. विकत घेताना आटे तपासा. एनपीटी आणि बीएसपीटी ही आट्यांची दोन वेगळी मापं: 1/8 एनपीटीला इंचात 27 आटे असतात, 1/8 बीएसपीटीला 28. एकाच्या जागी दुसरा लावला तर सुरुवातीचे आटे छान बसतात, पुढे अडकतात किंवा ऑइल गळतं.

आता अर्थिंग, म्हणजे सेंडरची बॅटरीच्या निगेटिव्हशी होणारी जोडणी. माझ्या मते सगळ्या तयारीत हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची. या सेन्सरचा रोध तापमान वाढलं की कमी होतो. बॉशच्या नेहमीच्या सेन्सरमध्ये 20 अंशांना अडीच हजार ओहम असतात, 100 अंशांना दोनशेच्याही आत. 130 अंशांपाशी सर्किटमध्ये फक्त 10 ओहम जास्त भरले, तर आकडा चारेक अंश कमी दिसतो. म्हणजे गंजलेला जोड, वायरच्या टोकाचा सैल लग, खराब अर्थ यांतली प्रत्येक चूक गाडी आहे त्यापेक्षा थंड दाखवते, आणि गाडी जितकी तापेल तितकी ती चूक महाग पडते. एका वायरचा सेंडर तर आपल्या धातूच्या अंगातूनच अर्थ घेतो. माझ्या गाडीला एका गॅरेजने त्याच्या आट्यांवर भरपूर टेफ्लॉन टेप गुंडाळली होती. मल्टिमीटरने सेंडरचं अंग आणि बॅटरीची निगेटिव्ह यांमध्ये मोजलं तर सहा-सात ओहम निघाले. टेप काढून पुन्हा बसवल्यावर त्याच रस्त्यावर काटा पाच अंश वर गेला. आधीचा पूर्ण ट्रॅक डे मी त्या खोट्या आकड्यावर काढला होता. तेव्हापासून मी दोन वायरचाच सेंडर घेतो आणि वायर टर्बो व एक्झॉस्टपासून लांबून नेतो.

बसवण्याआधी सेंडर, वायर आणि गेज तिन्ही जोडून उकळत्या पाण्यात परीक्षा घ्या. सेंडर तारेला टांगा, भांड्याच्या बुडाला टेकू देऊ नका. एका वायरचा असेल तर त्याच्या अंगालाही वेगळी अर्थ वायर जोडा. पुणे सुमारे 560 मीटरवर आहे, तिथे पाणी 98 अंशांच्या आसपास उकळतं; 100 धरून काटा जुळवलात तर सुरुवातीलाच दोन अंश चुकतात. इंजिन बंद असताना आणि सुरू असताना, दोन्ही वेळा आकडा वाचा, कारण व्होल्टेज बदलल्यावर काही साधे गेज सरकतात. इन्फ्रारेड गनने चेंबरवर पडताळा घ्यायचा तर आधी काळी टेप चिकटवा. चकचकीत ॲल्युमिनियमवर गन फसते. टेपवरही आतल्या ऑइलपेक्षा थोडं कमीच दिसेल.

आदल्या रात्री ऑइलची पातळी, जोडांपाशी गळती आणि फ्यूज एवढं बघितलं की झालं.

ट्रॅकवर कुलंट लवकर 90 ला पोचतो, ऑइल बरंच मागे असतं. ऑइल 80 च्या पुढे गेल्याशिवाय मी गाडी ताणत नाही. चांगल्या सिंथेटिक 5डब्ल्यू-40 ग्रेडच्या ऑइलवर 120 पर्यंत मी निश्चिंत असतो, 130 दिसले की वेग कमी करतो. ऑइलच्या प्रेशरचा गेज असेल तर दोन्ही आकडे एकत्र वाचायचे. प्रत्येक लॅपचा आकडा आणि बाहेरची हवा किती तापली आहे ते सोबत्याला लिहायला सांगा. चार-पाच लॅपनंतर आकडा एका जागी थांबला तर सध्याची व्यवस्था पुरते. दर लॅपला चढतच राहिला, तर पुढच्या वेळेआधी ऑइल कूलर लावायचा.