गणिताचा डिजिटल खेळ तयार करताना या चुका टाळा

रत्नागिरी परिसरातील बी.एड.च्या छात्राध्यापकांनी स्क्रॅचमध्ये (ठोकळे जोडून प्रोग्रॅम तयार करण्याची संगणकीय भाषा) केलेले खेळ तपासताना मला एक चूक वारंवार आढळते. होडी मासे गोळा करत पुढे जाते, मध्येच पाढ्यांचा प्रश्न येतो आणि उत्तर दिल्यावर होडी पुन्हा चालू लागते. त्या प्रश्नाच्या जागी इतिहासाची सनावळी घातली तरी खेळ तसाच राहतो, म्हणजे गणित तिथे केवळ टोलनाका असते.

एका छात्राध्यापिकेने हाच खेळ ऋण संख्यांसाठी नव्याने मांडला. होडीशेजारी संख्यारेषा उभी केली, होडीतले वाळूचे प्रत्येक पोते −१ आणि तिला बांधलेले रिकामे पिंप +१ धरले. तीन पोती आणि एक पिंप असताना होडी −२ वर असते; तिन्ही पोती उतरवली की ती १ वर येते, म्हणजेच −२ − (−३) = १. ‘उणे उणे अधिक’ हा नियम तिला तोंडपाठ होता, परंतु पोते उतरवल्यावर होडी वर का जाते हे संगणकाला सांगण्यासाठी तो तिला प्रथमच स्वतःपाशी उलगडावा लागला. म्हणूनच मार्गदर्शकांनी या टप्प्यावर तयार कोड हाती देऊ नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

‘चूक! पुन्हा प्रयत्न करा’ एवढाच प्रतिसाद देणे ही दुसरी चूक होय. ०.३५ हे ०.५ पेक्षा मोठे म्हणणारे मूल ३५ आणि ५ यांची तुलना करत असते. त्याला शंभर चौकटींपैकी ३५ आणि ५० रंगवून दाखवाव्यात.

बरोबर उत्तर नाकारले जात असेल, तर आधी अंक पाहावेत. मराठी कळफलकावरून टंकलेला ‘५’ स्क्रॅच संख्या म्हणून ओळखत नाही, त्यामुळे पडद्यावरच अंकांची बटणे द्यावीत. १/२ ऐवजी २/४ लिहिणाऱ्या मुलावरही असाच अन्याय होतो. अंश आणि छेद वेगळे विचारून तिरकस गुणाकाराने तपासावे. आधीच्या खेळातले गुण पुढे येत असतील, तर खेळ सुरू करणाऱ्या हिरव्या झेंड्यावर क्लिक होताच ते शून्य करावेत.

पावसाळ्यात वीज आणि नेटवर्क दोन्ही जातात. त्यामुळे स्क्रॅचचे ॲप आधीच लॅपटॉपवर घ्यावे, बॅटरी भरून ठेवावी आणि खेळाची फाइल पेनड्राइव्हवरही जपावी.