हेडर फाइलींची मांडणी: लायब्ररी बाहेर देण्याआधी या चुका टाळा

लायब्ररी आपल्या मशीनवर बिल्ड होते, टेस्ट पास होतात. दुसऱ्याने इन्स्टॉल करून वापरायला घेतली, की पहिल्याच इन्क्लूडला ‘फाइल सापडत नाही’. सी आणि सी प्लस प्लसमध्ये याचं नेहमीचं कारण म्हणजे पब्लिक हेडरने, म्हणजे वापरणाऱ्यांसाठी दिलेल्या डिक्लरेशनच्या फाइलने, ‘एसआरसी’ या सोर्स कोडच्या फोल्डरमधली खासगी हेडर ओढलेली असते. आपल्या बिल्डला दोन्ही फोल्डर दिसतात, म्हणून कंपायलर गप्प बसतो. इन्स्टॉल करताना मात्र फक्त ‘इन्क्लूड’ फोल्डर बाहेर जातं. सीमेक या बिल्ड टूलमध्ये ‘एसआरसी’चा पाथ पब्लिक ठेवला असेल तर तुमच्या टेस्टनाही तो मिळतो आणि चूक आणखी खोल दडते. तो प्रायव्हेटच हवा.

पकडायचा खात्रीचा उपाय कंटाळवाणा आहे, पण दुसरा मला माहीत नाही. लायब्ररी रिकाम्या फोल्डरमध्ये इन्स्टॉल करा आणि प्रत्येक पब्लिक हेडरसाठी फक्त तीच इन्क्लूड करणारी एक छोटी फाइल तिथल्या पाथवरून कंपाइल करा. हेच सीआयमध्ये, म्हणजे कोड बदलला की आपोआप चालणाऱ्या बिल्ड-टेस्टमध्ये, टाका. स्वतःला लागणाऱ्या हेडर न घेता दुसऱ्या कुणाच्या इन्क्लूडवर जगणाऱ्या हेडरही यात सापडतात. सोर्स फाइलमध्ये तिची स्वतःची हेडर सगळ्यात वर लिहिली, तर अशा बऱ्याच चुका रोजच्या बिल्डमध्येच कळतात.

‘कॉन्फिग.एच’, ‘युटिल्स.एच’ अशी नावं थेट ‘इन्क्लूड’मध्ये ठेवू नका. त्याच नावाची दुसऱ्या लायब्ररीची फाइल सर्च पाथमध्ये आधी आली, तर भलतीच हेडर उचलली जाते आणि एरर तिसरीकडेच दिसतो. ‘इन्क्लूड’च्या आत लायब्ररीच्या नावाचं फोल्डर करा, ‘कर्ल/कर्ल.एच’, ‘ओपनएसएसएल/एसएसएल.एच’ असंच असतं.

सगळ्यात महाग पडतं ते स्ट्रक्टचं पोट, म्हणजे त्याची आतली फील्ड, पब्लिक हेडरमध्ये उघडं ठेवणं. ओपनएसएसएल या एन्क्रिप्शन लायब्ररीने 2016 मध्ये 1.1.0 आवृत्तीत बरीच स्ट्रक्ट अपारदर्शक केली, म्हणजे त्यांची आतली फील्ड पब्लिक हेडरमधून काढून घेतली. तोवर लोक त्यातलंच ‘ईव्हीपी_एमडी_सीटीएक्स’ हे स्ट्रक्ट सरळ स्टॅकवर घेत होते, आतल्या फील्डना हात घालत होते. त्या कोडला ‘इनकम्प्लीट टाइप’चे एरर आले आणि असंख्य प्रोजेक्टना कोड बदलावा लागला. निर्णय योग्यच होता, फक्त उशिरा झाला. नव्या लायब्ररीत पहिल्या दिवसापासून हेडरमध्ये नुसतं डिक्लरेशन आणि पॉइंटर द्या, व्याख्या ‘एसआरसी’त ठेवा. सी प्लस प्लसमध्ये पिम्पलसाठी (क्लासचा आतला तपशील पॉइंटरमागे लपवण्याची पद्धत) युनिक पॉइंटर वापरलात तर डिस्ट्रक्टरची व्याख्या सोर्स फाइलमध्ये न्या, नाहीतर तोच ‘इनकम्प्लीट टाइप’ तुमच्याही वाट्याला येईल.

‘मल्टिपल डेफिनिशन’ म्हणत लिंकर अडला, तर हेडरमध्ये इनलाइन नसलेलं साधं फंक्शन शोधा. ‘युजिंग नेमस्पेस’ हेडरमध्ये नकोच. वापरणाऱ्याच्या प्रत्येक फाइलमध्ये ते पसरतं.

विंडोजवर चालतं आणि लिनक्सवर हेडर सापडत नाही, असं असेल तर सीमेक उघडण्याआधी फाइलच्या नावातली कॅपिटल अक्षरं जुळवून पाहा.