व्हायोलिन शिकायचंय? आधी गज सरळ येऊ द्या, बोटं नंतर

चाळिशीनंतर हौसेनं व्हायोलिन घेतलेली बरीच मंडळी दोन-तीन महिन्यांत बॉक्स बंद करून माळ्यावर ठेवतात आणि म्हणतात, आपल्या हातात सूरच नाही. मला हे ऐकून फार वाईट वाटतं, कारण पुष्कळदा हात ठीक असतो, गजाला (तारांवर घासायच्या केसांच्या काठीला) राळ नसते किंवा घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती लाकडी पट्टी) वाकलेली असते, आणि ते कुणी सांगितलेलंच नसतं. मी सांगलीत राहते, सहा वर्षं झाली शिकतेय, जे कळलं ते क्रमानं लिहिते.

आधी साइज. मोठ्या माणसाला फुल साइज लागतं, मुलांना अर्धं किंवा पाऊण. डावा हात सरळ लांब करून व्हायोलिन खांद्याशी धरायचं, पंजा टोकाच्या गुंडाळीला सहज वेढला तर माप बरोबर. ऑनलाइन मागवलं असेल तर बहुतेक वेळा घोडी आडवी पाडून पाठवतात आणि गजाचे केस कोरे असतात. कोरा गज तारेवरून नुसता घसरतो, आवाज जवळजवळ येतच नाही, वाद्य बिघडलंय असं समजू नका. राळेची म्हणजे रोझिनची नवीन वडी काचेसारखी गुळगुळीत असते, तिच्यावर बारीक पॉलिश पेपरनं चार रेघा मारा आणि मग गज तिच्यावर हळूहळू पुढे-मागे फिरवा. पहिल्या वेळी केसांना राळ धरायला दहा-पंधरा मिनिटं सहज जातात, नंतर वाजवायच्या आधी चार-पाच वेळा फिरवलं की पुरे. जास्त झाली की तारांवर पांढरी पूड पडते आणि आवाज खरखरतो.

गज ताणताना काठी आणि केस यांच्यात मधोमध पेन्सिल जाईल एवढंच अंतर ठेवायचं, काठीचा आतला बाक दिसत राहिला पाहिजे. वाजवून झालं की स्क्रू उलटा फिरवून केस सैल करायचेच, नाहीतर काठी हळूहळू वाकडी होते. आणि केसांना बोट लावायचं नाही, हाताचं तेल लागलं की तिथे राळ धरत नाही.

आता बसणं. आपल्याकडे खाली मांडी घालून वाजवतात, व्हायोलिनचं टोक उजव्या पावलावर टेकतं आणि दुसरी बाजू डाव्या खांद्याशी, छातीला लागून राहते. याचा फायदा असा की वाद्य धरायचं काम डाव्या हाताकडे राहत नाही, तो मींड घ्यायला, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जायला, मोकळा असतो. तारा लावण्याच्या पद्धती वेगळ्या आहेत, वेस्टर्नमध्ये जी-डी-ए-ई, आपल्याकडे कुणी प-सा-प-सा लावतं, कुणी सा-प-सा-प, त्यामुळे मोबाइलमधल्या ट्युनरवर विसंबून तारा ओढत बसू नका, तुमचे सर जसं लावतात तसंच लावा.

पहिले दोन महिने फक्त गज. मी दुसऱ्याच दिवशी सारेगम वाजवायला गेले तर सर म्हणाले, “ताई, बोटं राहू देत, गज सरळ आला की बोलू.” तेव्हा राग आला होता, आज तेच सगळ्यांना सांगते. तंबोऱ्याचं ॲप लावायचं, आरशासमोर बसायचं, एक मोकळी तार घ्यायची आणि गज टोकापासून टोकापर्यंत चार मात्रांत न्यायचा, चार मात्रांत परत आणायचा, जमलं की आठ मात्रा. आरशात एकच गोष्ट बघायची, गज घोडीला समांतर जातोय का. अर्ध्याच्या पुढे गेला की नवशिक्याचा गज हमखास तिरका होतो आणि बोटपट्टीकडे, म्हणजे जिच्यावर बोटं ठेवतात त्या काळ्या पट्टीकडे, घसरतो, तिथे आवाज पोकळ येतो, घोडीच्या फार जवळ गेला की किरकिरतो, या दोन्हींच्या मधली जागा शोधायची. दाब हाताच्या वजनाचा, मनगट मोकळं. रोज वीस मिनिटं बसा, रविवारी एकदम दोन तास करण्यापेक्षा ते चांगलं.

मग बोटं. व्हायोलिनला सतारीसारखे स्वरांच्या जागा दाखवणारे पडदे नसतात म्हणून स्वराची जागा कानानंच सापडते. काही जण पट्टीवर स्टिकर लावतात, पण मला वाटतं तंबोऱ्याशी जुळवून गंधार शोधताना जे कळतं ते स्टिकरनं कळत नाही. सारेग, रेगम असे साधे अलंकार सावकाश घ्या. प्रत्येक ओळ आधी गाऊन मगच वाजवा. आणि ऐका भरपूर. पं. व्ही. जी. जोग आपल्या सातारा जिल्ह्यातल्या वाईचे, 1922 चा जन्म, बिस्मिल्ला खाँसाहेबांबरोबरच्या त्यांच्या जुगलबंद्या ऐका, आणि गायकी अंग, म्हणजे गाण्यासारखं वाजवणं, कळण्यासाठी एन. राजम यांचं वादन. मिरजेच्या दर्ग्यातल्या उरुसाची संगीत सभा जवळच असते, तिथे बसून गज बघितला तरी खूप शिकायला मिळतं.

देखभालीत सगळ्यात महत्त्वाची घोडी. ती चिकटवलेली नसते, फक्त तारांच्या ताणावर उभी असते. तारा ताणायच्या खुंट्या पिळल्या की तारा तिला हळूहळू बोटपट्टीच्या बाजूला ओढतात, म्हणून तारा लावून झाल्या की बाजूनं बघायचं आणि झुकली असेल तर दोन्ही हातांच्या बोटांनी अलगद सरळ करायची, तिचे पाय पोटावर, म्हणजे व्हायोलिनच्या वरच्या फळीवर, पूर्ण टेकले पाहिजेत.

तारा बदलताना एका वेळी एकच. हे मला महागात पडलंय. दिवाळीच्या साफसफाईत मी चारही तारा एकदम काढल्या, व्हायोलिन उचललं तर आत काहीतरी खुळखुळलं. तो साउंड पोस्ट, घोडीच्या बारीक तारेकडच्या पायाच्या जरा मागे आत उभी असलेली लाकडाची छोटी काडी, तीही नुसत्या दाबावर उभी असते. घाबरून मी एकाकडे नेलं, त्यानं कुठेतरी उभी केली आणि पुढचे चार महिने माझ्या व्हायोलिनचा आवाज डबक्यातून आल्यासारखा येत होता, मी मात्र रियाज वाढवत होते. मिरजेत सतार-तंबोऱ्याचे पिढीजात कारागीर आहेत, त्यांच्या कामाबद्दल मला अतोनात आदर आहे, पण सतारीची घोडी सपाट, जवारी काढलेली (आवाज झंकारावा म्हणून घासून घडवलेली), व्हायोलिनची कमानदार आणि आत पोस्ट, काम वेगळं आहे. म्हणून कुणाकडेही देताना व्हायोलिनचं काम नेहमी करता का, एवढं विचारा.

वाजवून झाल्यावर सुती फडक्यानं तारा आणि पोटावरची राळ पुसायची, रोज, कारण ती साठली की पॉलिशला चिकटून बसते. पावसाळ्यात खुंट्या फुगून अडकतात, पक्कड लावू नका, बॉक्समध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि धीर धरा. उन्हाळ्यात उलट, खुंट्या घसरतात, तेव्हा खुंटी काढून तिला पांढरा खडू थोडा घासायचा आणि पिळताना आत दाबत पिळायचं. मेमध्ये बंद गाडीत व्हायोलिन ठेवायचं नाही. याचे जोड सरसानं लावलेले असतात, तो उष्णतेनं आणि पाण्यानं सुटतो. 2019 च्या महापुरानंतर नदीकाठच्या आम्हा लोकांना वेगळं सांगायला नको, पाऊस वाढला की कागदपत्रांबरोबर वाद्यही वरच्या मजल्यावर न्या. वाजवताना कुठूनतरी झणझण यायला लागली तर कडेनं बोटाच्या पेरानं हलकं टकटक करत जा, जोड उघडला असेल तिथे आवाज बदलतो. तिथे फेविकॉल किंवा फेविक्विक भरू नका, पुढे पोट उघडायची वेळ आली की लाकूड फाटतं, सरसाचा जोड मात्र कारागीर पुन्हा सोडवू शकतो.

वाजवणं बरेच दिवस बंद राहणार असेल तरी पंधरा दिवसांनी बॉक्स उघडून वारा लागू द्या. बंद अंधारात बारीक किडे गजाचे केस खातात, आणि उघडाल तेव्हा घोड्याच्या शेपटीचे ते केस झुबक्यानं तुटून हातात येतात, मग केस बदलून घेण्याशिवाय इलाज नसतो.