जुनी पीपीटी टॅबवर न्यायची असेल तर आधी हे करा

जिंतूर तालुक्यातल्या एका गावात मारुतीच्या देवळात कापसाची बैठक होती. बोंडअळीची पीपीटी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर कधीची बनवून ठेवलेली, लॅपटॉपचं ओझं कशाला म्हणून टॅबवर टाकून नेली अन् उघडली तर मराठी सगळं गायब, नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी. समोर माणसं बसलेली. त्या दिवशी फोटोंवर निभावलं, नंतर बसून नीट शिकलो ते सांगायलो.

सगळ्यात आधी फॉन्ट बघा, कारण नव्वद टक्के घोळ तिथंच असतो. कृतिदेव, शिवाजी असले जुने फॉन्ट म्हणजे आतमधे इंग्रजी अक्षरच असतं, त्याला फक्त मराठीचा आकार चढवलेला असतो, आणि टॅबमधे तो फॉन्ट नसला की आकार उतरतो अन् खालचं इंग्रजी उघडं पडतं. फाईल कॉम्प्युटरवर उघडा, मजकूर कॉपी करून युनिकोड (म्हणजे कुठल्याही यंत्रावर मराठी मराठीच दिसते ती पद्धत) कन्व्हर्टरमधे टाका, परत स्लाईडवर पेस्ट करा आणि मंगलसारखा युनिकोड फॉन्ट द्या. मग एकेक ओळ डोळ्याखालून घाला, रफार आणि पहिली वेलांटी हमखास सरकते. माझ्या स्लाईडवर 'कामगंध सापळे हेक्टरी ५' नीट आलं, पण रफारामुळं 'पूर्वहंगामी' चं पार वाटोळं झालतं, ते हातानं टाईप केलं.

पॉवरपॉइंट १९८७ ला आलं ते मॅकिंटॉशवर, तेव्हा पानं छापून ओएचपीच्या (ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या) फिल्मवर काढायची हेच मोठं काम होतं. विंडोजवर १९९० ला आलं. आयपॅडवर अ‍ॅपलचं कीनोट २०१० ला अन् पॉवरपॉइंट तर थेट २०१४ ला, म्हणजे मधल्या वीसेक वर्षांच्या फाईली टेबलावरच्या कॉम्प्युटरसाठीच बनलेल्या हायेत, त्यामुळं त्या टॅबवर अडणारच.

फाईलच्या नावामागं नुसतं पीपीटी असेल तर सेव्ह अ‍ॅज करून पीपीटीएक्स करा, हा प्रकार २००७ पासूनचा. व्हिडीओ असेल तर लै लक्ष द्या. २०१० च्या आधीच्या पॉवरपॉइंटमधे व्हिडीओ सहसा फाईलच्या आत बसायचाच नाही, तो कॉम्प्युटरवर कुठं ठेवलाय त्याचा फक्त पत्ता असायचा, टॅबवर गेल्यावर तो पत्ता कुठून सापडणार? एमपी४ करा अन् नव्यानं इन्सर्ट करा. फोटोवर क्लिक करून कॉम्प्रेस पिक्चर्स करा म्हणजे फाईल हलकी होते.

स्लाईडचा आकार उगं बदलू नका. जुन्या ४:३ असतात, २०१३ पासून १६:९ झाल्या, पण आयपॅड अन् बरेच जुने प्रोजेक्टर ४:३ च्या जवळचेच. बदलायचाच असेल तर एन्शुअर फिट निवडा, दुसऱ्या पर्यायात कडेचा मजकूर कापला जातो.

गूगल स्लाईड्स वापरत असाल तर घरीच, नेट असताना, फाईलपुढच्या तीन टिंबांवर जाऊन ऑफलाईन चालू करा, गावात रेंजचा भरवसा नाही. पॉवरपॉइंटचं अ‍ॅप असेल तर १०.१ इंचाहून मोठ्या स्क्रीनवर एडिट करायला सबस्क्रिप्शन मागतं, नुसतं दाखवायला मागत नाही.

केबल आदल्या दिवशी लावून बघा. टाईप-सी चं भोक हाये म्हणून प्रोजेक्टरची एचडीएमआय केबल चालेलच असं नाही, स्वस्तातल्या लै टॅबमधून त्या भोकातून चित्र बाहेर येतच नाही, फक्त चार्जिंग अन् डेटा. आणि एक पीडीएफ कॉपी टॅबमधे टाकूनच ठेवा.

पुढच्या बैठकीला मधेच लाईट गेली अन् प्रोजेक्टर बंद. टॅब मांडीवर घेऊन माणसांत जाऊन बसलो, डोमकळीचा (बोंडअळी लागून गुलाबासारखं मिटून राहिलेल्या फुलाचा) फोटो उघडून हातोहात फिरवला. एका म्हाताऱ्या बाबांनी दोन बोटांनी फोटो ताणला, जवळ धरून बघितला अन् म्हणले, "आमच्या वरल्या रानात हेच हाय की, आम्ही गुलाबाचं फूल समजून सोडून दिलतं."