वायबीसीओचा पातळ थर वाढवताना ऑक्सिजन कसा सांभाळावा

इट्रियम-बेरियम-कॉपर ऑक्साइड, म्हणजे वायबीसीओ, सुमारे ९२ केल्विनला अतिसंवाहक (विजेला रोध शून्य असलेले) होते, हे १९८७ साली कळले आणि ७७ केल्विनच्या द्रव नायट्रोजनवर काम भागू लागले. जनावरांच्या कृत्रिम रेतनासाठी द्रव नायट्रोजनचे भांडे खानदेशातही वापरले जाते, त्यामुळे इकडच्या विद्यार्थ्याला ते अपरिचित नसावे. थर वाढवण्याची इथली पद्धत स्पंदित लेसरची आहे: लेसरच्या झटक्यांनी टार्गेट म्हणजे वायबीसीओच्या वडीतून पदार्थ उडवायचा आणि तो सबस्ट्रेट म्हणजे तापवलेल्या स्फटिक-पट्टीवर थर म्हणून बसवायचा.

टार्गेटसाठी इट्रियम ऑक्साइड, बेरियम कार्बोनेट आणि कॉपर ऑक्साइड अशा मापात घ्यावे की धातूंचे प्रमाण १:२:३ राहील. मिश्रण खलून ९०० ते ९३० अंश सेल्सिअसला भाजावे, पुन्हा खलावे, पुन्हा भाजावे. बेरियमची संयुगे विषारी असल्याने हातमोजे आणि मास्क वापरावा. तयार पेलेट (टार्गेटची दाबून केलेली वडी) डेसिकेटरमध्येच, म्हणजे आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यातच, ठेवावी, कारण वायबीसीओ ओलाव्याने बिघडते आणि आपल्याकडच्या पावसाळी हवेत उघडी राहिलेली पेलेट भरवशाची नसते.

सबस्ट्रेट म्हणून स्ट्रॉन्शियम टायटनेट उत्तम, कारण त्याच्या स्फटिकजाळीचे माप (३.९०५ अँगस्ट्रॉम) वायबीसीओच्या मापाशी बरेच जुळते. तो सिल्व्हर पेस्टने हीटरवर नीट चिकटवावा. कोपरा उचललेला राहिला की तेवढा भाग थंड राहतो. सुमारे ७८० अंश तापमान, ०.३ मिलिबारच्या आसपास ऑक्सिजन आणि २४८ नॅनोमीटरच्या लेसरची दर चौरस सेंटीमीटरला दीड ते दोन ज्यूल ऊर्जा, एवढ्यावर सुरुवात करावी. टार्गेटपासून निघणाऱ्या प्रकाशमान प्लूमचे (उडालेल्या पदार्थाच्या झोताचे) टोक सबस्ट्रेटला जेमतेम टेकेल इतके अंतर ठेवावे. ते साधारण चार-पाच सेंटीमीटर भरते. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांकडे जातो, तेव्हा उपकरणे थंड ठेवणाऱ्या चिलरचे पाणी आधी तपासावे.

खरी कसोटी लेसर थांबल्यावर लागते. इतक्या तापमानाला थरात ऑक्सिजन कमी असतो आणि तशाच अवस्थेत तो थंड झाला तर अतिसंवाहक होतच नाही. म्हणून चेंबरमध्ये ताबडतोब जवळजवळ एक वातावरण दाबाइतका ऑक्सिजन भरावा, तापमान सावकाश उतरवावे आणि ४५० अंशांच्या सुमारास अर्धा ते एक तास थांबावे. याच वेळी वीज गेली तर आधी सिलिंडरचा व्हॉल्व्ह हाताने उघडावा. थर वाया गेला असे समजू नये, ऑक्सिजनमध्ये पुन्हा ४५० अंशांना तापवून तो बहुधा सावरता येतो.

नंतर चार टोकांनी रोध मोजावा. चांगल्या थराचा रोध खोलीच्या तापमानापासून सरळ रेषेत उतरत ९० केल्विनजवळ एकदम शून्यावर येतो. तो ६० केल्विनच्या आसपास पडला, तर ऑक्सिजन अपुरा राहिला आहे.