बाललैंगिक अत्याचार रोखण्याचे प्रशिक्षण: युवक संघटनांनी या चुका टाळाव्यात

मुलांसाठी शिबिरे, क्रीडावर्ग किंवा छंदवर्ग चालवणाऱ्या अनेक संघटना आपल्या प्रौढ कार्यकर्त्यांना बाललैंगिक अत्याचार रोखण्याचे प्रशिक्षण देतात. तरीही एखादे प्रकरण उघडकीस आले की, ‘काहीतरी खटकत होते, पण बोलावे कसे, ते कळले नाही,’ असे सांगणारे सहकारी भेटतात. प्रशिक्षण बहुधा नेमके येथेच कमी पडलेले असते.

अनोळखी माणसाकडे बोट दाखवणे

बहुतांश प्रकरणांत अत्याचार करणारी व्यक्ती मुलाच्या ओळखीची असते आणि अनेकदा ती संघटनेत सर्वांची आवडती, पडेल ते काम अंगावर घेणारी असते. नेमणुकीपूर्वीची चारित्र्य पडताळणी आवश्यकच आहे. मात्र ज्याच्याविरुद्ध कधी तक्रारच झालेली नाही, तो तिच्यातून सहज पार पडतो. त्यामुळे संशयास्पद माणूस कसा दिसतो हे सांगण्यात वेळ घालवण्यापेक्षा सलगी कशी वाढवली जाते, हे शिकवावे. एकाच मुलाला खास वागणूक किंवा भेटवस्तू देणे, पालकांच्या नकळत खासगी संदेश पाठवणे, ‘हे आपल्या दोघांतच राहू दे’ असे बजावणे, घरी सोडण्याच्या निमित्ताने एकट्याला नेणे, थट्टामस्करीच्या आडून स्पर्शाची सवय लावणे, यांतील प्रत्येक गोष्ट सुटी पाहिली तर किरकोळ वाटते. शिवाय अशी व्यक्ती मुलाइतकाच पालकांचा आणि सहकाऱ्यांचाही विश्वास संपादन करते, त्यामुळे तिच्यावर शंका घेणे हाच कृतघ्नपणा वाटू लागतो.

व्याख्या पाठ करून घेणे, पण बोलण्याचा सराव न देणे

माझ्या मते ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. प्रश्नपत्रिकेत पूर्ण गुण मिळवणारा कार्यकर्ताही आपल्या ज्येष्ठ सहकाऱ्याला अडवताना गप्प बसतो, कारण ते वाक्य त्याने कधी तोंडाने उच्चारलेलेच नसते. ‘दादा, आतल्या खोलीत नको, इथे सर्वांसमोरच बसू या,’ एवढे साधे वाक्य जोडीजोडीने प्रत्यक्ष म्हणवून घ्यावे आणि ते ऐकून न चिडण्याचा सराव ज्येष्ठांकडूनही करून घ्यावा. नियम मोडलेला दिसला की लगेच बोलावे आणि ते जबाबदार व्यक्तीला कळवावे. त्यामागचा हेतू काय असावा, हे पाहणाऱ्याने ठरवत बसू नये.

‘योग्य अंतर ठेवा’ असा मोघम नियम

प्रौढाने एका मुलासोबत बंद जागेत एकटे असू नये, मुलांशी होणाऱ्या संदेशव्यवहारात पालक किंवा दुसरा प्रौढ असावा, मुक्कामात झोपण्याची आणि कपडे बदलण्याची जागा प्रौढांपासून वेगळी असावी, असे स्पष्ट लिहावे. काय चालते, हेही लिहावे. अन्यथा पडलेल्या मुलाला उचलायलाही कार्यकर्ते घाबरतात. मोठी मुलेही लहान मुलांवर अत्याचार करू शकतात, हा भाग अनेक प्रशिक्षणांतून सुटतो, म्हणून देखरेखीच्या नियमांत तोही असावा.

मूल बोलू लागल्यावर चौकशी करणे

ऑस्ट्रेलियात संस्थांमधील बाललैंगिक अत्याचारांच्या चौकशीसाठी २०१३ ते २०१७ या काळात काम केलेल्या शाही आयोगापुढे (रॉयल कमिशन) आलेल्या पीडितांना आपल्यावरील अत्याचाराविषयी कोणाला सांगायला सरासरी सुमारे २४ वर्षे लागली होती. म्हणून मूल बोलते तेव्हा शांतपणे ऐकावे, ‘सांगितलेस ते बरे केलेस’ असे म्हणावे आणि त्याचेच शब्द लगेच लिहून ठेवावेत. ‘त्याने असे केले का?’ यांसारखे उत्तर सुचवणारे प्रश्न विचारू नयेत आणि गुप्ततेचे वचनही देऊ नये, कारण ते पाळता येणार नाही. आरोप असलेल्या व्यक्तीला परस्पर जाब विचारल्यास पुरावे नष्ट होऊ शकतात आणि मुलावर दबाव येऊ शकतो. ‘आधी आपण खात्री करून घेऊ’ म्हणत अंतर्गत चौकशी लांबवणे किंवा त्या व्यक्तीची गुपचूप दुसऱ्या शाखेत बदली करणे म्हणजे धोका दुसऱ्या मुलांकडे सरकवणे होय. तपास पोलीस आणि बालसंरक्षण यंत्रणेनेच करावा.

प्रशिक्षणानंतर तक्रारी वाढल्या तर

व्यवस्थापन अनेकदा यामुळे धास्तावते. पूर्वी दबून राहिलेल्या गोष्टी लोक आता सांगू लागले, असा त्याचा अर्थ असू शकतो. खरी काळजी तेव्हा करावी, जेव्हा वर्षभरात नियमभंगाची एकही किरकोळ नोंद होत नाही. अशा वेळी तीन गोष्टी तपासाव्यात: तात्पुरत्या स्वयंसेवकांना मुलांमध्ये मिसळण्यापूर्वी प्रशिक्षण मिळाले होते का, पदाधिकारी स्वतः त्या वर्गाला बसले होते का, आणि तक्रार प्रमुखाविरुद्धच असेल तर ती कोणाकडे न्यायची हे कार्यकर्त्यांना ठाऊक आहे का. तिसऱ्या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही, तर संघटनेबाहेरच्या यंत्रणेचा संपर्क क्रमांक त्याच दिवशी सर्वांना लेखी द्यावा.